जरा, मृत्यू आणि दवाखान्यातील पोथी

आषाढी एकादशीला जुन्या जालन्यातील आनंदी स्वामींच्या मंदिराकडे दर्शनार्थींची रीघ लागते. त्या दिवशी आमच्या दवाखान्यात रुग्ण कमी आणि विसाव्याला टेकणारी वृद्ध मंडळी अधिक असतात. कोणी गुडघे चोळीत बसतो, कोणी पाणी मागतो, कोणी जाता जाता नाडी दाखवून घेतो. या मंडळींच्या बोलण्यात एक वाक्य हटकून येते : "पुढच्या आषाढीला असलो तर येऊ." बरोबरचा मुलगा किंवा सून चटकन म्हणते, "असं अभद्र बोलू नका." आणि आम्हीही वैद्य या नात्याने "शंभर वर्षे जगाल" असे म्हणून पुढच्या माणसाला हाक मारतो. एक संभाषण सुरू होण्याआधीच तेथे संपते. त्या म्हाताऱ्याला काही बोलायचे होते काय, हे आम्ही कधी विचारलेले नाही. प्रस्तुत लेख त्या न झालेल्या संभाषणाविषयी आहे, आणि ते सुरू करण्याच्या कामी वाङ्मय आपल्याला, म्हणजे वैद्यांना व औषधालये चालविणाऱ्यांना, कितपत उपयोगी पडते याविषयी आहे.

आपल्या शास्त्राने या विषयाकडे पाठ फिरविली, असे कोणी म्हणू शकणार नाही. सुश्रुताचार्यांनी व्याधींचे आगंतुक, शारीर, मानस आणि स्वाभाविक असे चार प्रकार सांगितले व भूक, तहान आणि झोप यांच्याच पंक्तीत जरा व मृत्यू यांना बसविले. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अंग वार्धक्याच्या विचाराला दिलेले आहे. चरकसंहितेच्या आठ स्थानांपैकी बारा अध्यायांचे संपूर्ण इंद्रियस्थान अरिष्टलक्षणांना वाहिलेले आहे. पदवीच्या वर्गात ते आपण सर्वांनी पाठ केले, परीक्षेत लिहिले, आणि खरे सांगायचे तर बहुतेकांनी तेथेच ठेवून दिले.

त्याच इंद्रियस्थानाच्या अखेरच्या अध्यायात वैद्याला एक आज्ञा आहे. मृत्यूची चिन्हे दिसत असली तरी कोणी विचारल्यावाचून ती सांगू नयेत. आणि विचारले तरी, सांगितल्याने रुग्णाला अथवा अन्य कोणाला आघात होणार असेल तर तेथेही सांगू नयेत. आज्ञा शहाणपणाची आहे. परंतु ती बारकाईने वाचली असता ध्यानात येते की, ती मौनाची सरसकट परवानगी नव्हे. विचारले असता आणि आघाताची भीती नसता काय करावे, हा प्रश्न तिने वैद्याच्या विवेकावर सोपविला आहे. आपण मात्र आज्ञेचा पूर्वार्ध तेवढा ध्यानात ठेवला. आम्ही स्वतः कित्येक वर्षे ही आज्ञा पाळली, असे म्हणण्यापेक्षा तिच्या आडोशाला उभे राहिलो, असे म्हणणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल.

दुसरे एक वचन आपल्याला याहून अधिक परिचित आहे. चरकाचार्यांनी वैद्याची वृत्ती चार प्रकारची सांगितली : सर्वांविषयी मैत्री, पीडितांविषयी करुणा, साध्य रुग्णाविषयी प्रीती आणि जो निसर्गाच्या अंतिम स्थितीकडे निघाला आहे त्याच्या ठायी उपेक्षण. हा चौथा शब्द मराठीत येताना घसरला. संस्कृतात उपेक्षा म्हणजे जवळ राहून तटस्थपणे पाहणे. हाव न धरता, हट्ट न करता पाहणे. मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड. शास्त्राने आपल्याला पहिली उपेक्षा शिकविली आणि आपण पुष्कळदा दुसरी आचरतो. रुग्ण असाध्य ठरला की घरी जाण्याचे आपले दिवस लांबतात, नाडीवरचा हात लवकर उचलला जातो, पुड्या मात्र चालू राहतात. जवळ राहून पाहावयाचे, पण करावयाचे काय, बोलावयाचे काय, हे आपल्याला ठाऊक नसते; म्हणून आपण जात नाही.

येथे एक अनुभव सांगणे भाग आहे. आमचे एक रुग्ण, निवृत्त शिक्षक, वय अठ्ठ्याहत्तर. जठराचा कर्करोग पसरला असल्याचे निदान मोठ्या शहरात झाले होते. शस्त्रक्रिया शक्य नाही, असे सांगून त्यांना घरी पाठविले होते. मुलाने आम्हाला दारातच गाठले व "नानांना काही सांगू नका" असे बजावले. आम्ही सांगितले नाही. अग्निदीपनासाठी काही, बलासाठी काही, अशा पुड्या बांधून देत राहिलो. एके दिवशी नानांनी पुडी हातात घेऊन विचारले, "वैद्यराज, हे औषध आता किती दिवसांचं?" प्रश्न औषधाचा होता आणि नव्हताही. आम्ही म्हणालो, "महिन्याभराचं देतो, संपलं की निरोप पाठवा." ते थोडे हसले. चरकाचार्यांच्या भाषेत बोलायचे तर रुग्णाने विचारले होते, आणि तो खंबीर होता. तरीही आम्ही पळालो.

पुढे जे झाले त्यात आमचे कर्तृत्व काही नाही. नानांनी नातवाला संध्याकाळी दासबोध वाचून दाखवायला सांगितले. पहिल्यापासून नव्हे, तिसऱ्या दशकापासून. नातू दहावीत होता. जुन्या मराठीत अडखळत वाचायचा, नाना चुका दुरुस्त करायचे. सात-आठ दिवसांनी तो नवव्या समासावर आला. मृत्यूचे निरूपण असलेला तो समास. आई स्वयंपाकघरात, वडील ओसरीवर, आजी देवापाशी, आणि मधल्या खोलीत पोरगा मोठ्याने मृत्यूविषयी वाचतो आहे. त्या संध्याकाळी घरातील सर्वांना कळले की नानांना कळले आहे. कोणी कोणाला काही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी नानांनी पत्र्याची पेटी उघडून कागदपत्रे मुलाला समजावून दिली, वाचनालयाची दोन पुस्तके परत पाठविली, माहेराशी अबोला धरलेल्या धाकट्या मुलीला बोलावून घेतले. आम्ही गेलो तेव्हा एवढेच म्हणाले, "आता पुड्या कमी करा, तोंड कडू होतं." त्यानंतर ते पाच आठवडे होते. त्या पाच आठवड्यांत आम्ही पूर्वीच्या चार महिन्यांपेक्षा अधिक वेळा त्यांच्याकडे गेलो, कारण आता जाऊन बसणे सोपे झाले होते.

पुढे कधीतरी लिओ टॉलस्टॉय यांची 'इवान इलिचचा मृत्यू' ही १८८६ सालची दीर्घकथा पुन्हा वाचनात आली, तेव्हा नानांचे ते हसणे आठवले. इवान इलिच हा न्यायखात्यातील बडा अधिकारी. त्याला असाध्य व्याधी जडते. वेदना तर आहेतच. परंतु त्याला त्याहून अधिक छळते ते भोवतालचे खोटे. तो आजारी आहे, मरत नाही, उपचार घेतले की बरा होईल, हे नाटक पत्नी, मित्र आणि वैद्य सगळे मिळून करतात, आणि त्यात त्यालाही भूमिका करावयास लावतात. ज्या अलिप्त रुबाबाने तो आजवर आरोपींशी वागला त्याच रुबाबाने डॉक्टर त्याच्याशी वागतात, हे त्याला उमगते. एकटा गेरासिम नावाचा खेडवळ नोकर खोटे बोलत नाही. तो रात्र रात्र मालकाचे पाय खांद्यावर धरून बसतो, कारण त्याने मालकाला बरे वाटते. आपण सर्व मरणारच आहोत, मग थोडी तसदी घ्यायला काय हरकत, इतका साधा त्याचा हिशेब आहे. चरकाचार्यांना अभिप्रेत असलेले उपेक्षण आम्हाला वैद्यकाच्या ग्रंथात पाठ झाले, समजले मात्र या नोकराच्या चित्रात.

तर पेच असा आहे. शास्त्र म्हणते, आघात होईल तेथे सांगू नका. टॉलस्टॉय दाखवितो की न सांगण्याचाही आघात असतो. दोन्ही खरे. आमच्या मते या पेचातून निघण्याची वाट नानांनी दाखविली. जे वैद्याने बोलू नये आणि मुलाला बोलवत नाही, ते पोथी बोलते. आणि पोथी कोणा एकाला उद्देशून बोलत नसल्यामुळे तिचा घाव अंगावर येत नाही. ऐकणाऱ्याला हवे तर त्याने ते स्वतःला लावून घ्यावे, नको तर जगाविषयी आहे म्हणून सोडून द्यावे. ही मोकळीक आम्ही रोगनिदानाच्या कागदात देऊ शकत नाही.

आणि ही पोथी आपल्या मातीतली आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली आपल्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातील जांब येथे झाला. जयंतीला आपण हार घालतो, पण दासबोधाचा तिसरा दशक वैद्यांनी वैद्य म्हणून वाचावा असा आहे. दुसऱ्या ते पाचव्या समासात एका सामान्य संसारी माणसाचे आयुष्य येते : बाळपण, लग्न, पत्नीचा मृत्यू, दुसरा संबंध, मुलाबाळांचा भार, कर्ज, परदेश आणि शेवटी परावलंबी म्हातारपण. रुग्णाचा पूर्ववृत्तांत घेताना आपण लिहितो त्याहून हा वृत्तांत भरघोस आहे. सहाव्या समासात आध्यात्मिक तापाच्या निमित्ताने समर्थांनी शरीरविकारांची लांबलचक यादीच दिली आहे. खरूज, नारू, देवी, गोवर अशी नावे एकामागून एक येत जातात. त्या यादीतील देवीचा रोग भारतातून हद्दपार झाल्याचे १९७७ साली जाहीर झाले, नारूमुक्तीचे प्रमाणपत्र देशाला २००० साली मिळाले. गोवरावर लस आहे. म्हणजे साडेतीनशे वर्षांत त्या समासाचा काही भाग कालबाह्य झाला, आणि तो झाला याचा आनंदच आहे. नवव्या समासातील एकही ओवी मात्र कालबाह्य झालेली नाही. मृत्यू राजा पाहत नाही, श्रीमंत पाहत नाही, विद्वान पाहत नाही, असे एकाच घोषाने तो समास पुढे सरकत राहतो. मोठ्याने वाचला म्हणजे त्याचा ठेका छातीत बसतो. मनातल्या मनात वाचणाऱ्याला तो कंटाळवाणा वाटण्याचा संभव आहे. तो कानांसाठी लिहिलेला आहे.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायाचा प्रकार निराळा. गीतेने जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतील दोष पाहण्यास सांगितले, ते सूत्र घेऊन ज्ञानदेवांनी म्हातारपणाचे विस्तृत वर्णन केले आहे. आज ज्याचा अभिमान वाटतो त्या एकेका अवयवाशेजारी उद्याचे त्याचे रूप ठेवले आहे, आणि म्हातारपण येण्यापूर्वीच जो ते डोळ्यांपुढे आणतो त्याला ज्ञानी म्हटले आहे. ग्रंथ शके १२१२ चा, म्हणजे इसवी सन १२९० चा. १२९६ साली, ऐन तारुण्यात, कर्त्याने समाधी घेतली. ज्याने स्वतः म्हातारपण पाहिले नाही त्याने ते इतक्या बारकाईने लिहावे, हे आम्हाला प्रत्येक वाचनात नवल वाटते. वृद्धचिकित्सेचे वर्ग चालविणाऱ्यांनी हा भाग विद्यार्थ्यांना वाचायला लावावा. वीस वर्षांच्या मुलाला म्हातारपण कळत नाही, ही सबब मग उरणार नाही.

पोथी म्हणताना बायका आमच्या ध्यानातून निसटतात. दवाखान्यात येणाऱ्या सत्तरी-ऐंशीच्या कित्येक स्त्रियांना अक्षरओळख नाही. त्यांचे वाङ्मय जात्यावर होते. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या आहेत. सवाष्ण मरण यावे, भावाने लुगडे आणावे, लेकीने वेळेवर पोहोचावे, हे जात्यावर बसून पोरीबाळींच्या देखत गायले जात होते. ज्या बाईने विशीतच आपली तिरडी शब्दांत सजविली तिला ऐंशीव्या वर्षी "अभद्र बोलू नका" म्हणणे हा अडाणीपणाच. गुडघ्याच्या तेलासाठी येणाऱ्या एका आजींना आम्ही सहज विचारले, जात्यावरचे काही आठवते का. त्या दिवशी आमची सायंकाळची वेळ तासभर लांबली आणि बाकावरचे इतर रुग्णही उठून गेले नाहीत. मात्र सवाष्ण मरणाची ती आस ऐकताना विधवेच्या वाट्याला काय येत होते तेही त्यातच ऐकू येते, हे विसरून चालणार नाही. जुने ते सारे सुंदर, असे आमचे म्हणणे नाही.

नव्या वाङ्मयातही सामग्री कमी नाही. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० साली रंगमंचावर आले. मुलांच्या दारातून बाहेर पडलेला अप्पासाहेब बेलवलकर मराठी माणसाला घरच्या माणसासारखा परिचित झाला. आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा संसदेने २००७ साली केला. नाटक त्याआधी सदतीस वर्षे तेच सांगत होते. परंतु या नाटकाविषयी आमची एक तक्रार आहे. ते पाहून प्रत्येक मुलगा रडतो आणि आपण तसे नाही, या समाधानात घरी जातो. आमच्याकडे येणाऱ्या वृद्धांची अवस्था जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'तील नाना-नानींशी अधिक जुळते. तेथे मुले वाईट नाहीत. ती दूर आहेत. जुन्या जालन्यातील वाड्यांतून आज हिंडून पाहावे. मुलगा पुण्याला, मुलगी बंगळुरूला, आणि येथे दोन माणसे, तीन प्रकारच्या गोळ्या व एक भ्रमणध्वनी. कोणाचा दोष नाही, म्हणून कोणावर रागावताही येत नाही. अशा घरात आम्ही औषधाची वेळ ठरवून देतो. संध्याकाळच्या वेळेचे काय करावे, ते सांगत नाही.

सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण' (१९७४) या नाटकात तर मेलेला भाऊराव स्वतःच्याच मरणाचे कीर्तन करतो, आणि आपले दहन जुन्या स्मशानातच व्हावे, असा त्याचा हट्ट असतो. प्रेक्षक हसतात. मृत्यूविषयी हसता येते, हे आपल्या गंभीर व्यवसायाने ध्यानात घेण्यासारखे आहे. आमच्या अनुभवात हसणारा वृद्ध औषधाविषयी, पथ्याविषयी आणि इच्छापत्राविषयी अधिक सरळ बोलतो. इच्छापत्रावरून आठवले. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि अखेरच्या अवस्थेत कोणते उपचार नकोत, हे आधी लिहून ठेवण्याची मुभा दिली. २०२३ साली त्याची कार्यपद्धती सोपी केली. कागद आहे, कायदा आहे. पण ज्या घरात हा शब्द उच्चारता येत नाही तेथे तो कागद लिहिणार कोण आणि कधी?

आता औषधालय चालविणाऱ्या बंधुभगिनींसाठी दोन शब्द. आपल्या फळीवर सर्वांत ठळक जागा च्यवनप्राशाची. जराजर्जर च्यवन ऋषी रसायनाने पुन्हा तरुण झाले, ही चरकसंहितेतील कथा त्या डब्यावर छापलेली असते आणि तिच्यावर आपला हिवाळ्याचा व्यापार चालतो. त्यात गैर काही नाही. आम्हीही ते सांगतो, विकतो. परंतु ज्या महाभारतात च्यवनाची कथा आहे त्याच महाभारतात ययातीचीही आहे. मुलाचे तारुण्य उसने घेतलेला आणि तरीही तृप्त न झालेला राजा. वि. स. खांडेकरांनी तिच्यावर १९५९ साली कादंबरी लिहिली, आणि पुढे त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. आपल्या गिऱ्हाइकाला आपण फक्त पहिली कथा सांगतो. पंचाऐंशी वर्षांच्या आजोबांसाठी मुलगा सर्वांत महागडे रसायन मागतो तेव्हा तो बहुधा औषध विकत घेत नसतो, भीती उतरवीत असतो. तेथे मोठा डबा देऊन गल्ला भरणे सोपे. लहान डबा देऊन "आजोबांजवळ बसता का संध्याकाळी?" एवढे विचारणे व्यापाराला तोट्याचे आहे, हे आम्ही जाणतो. नानांच्या अखेरच्या महिन्यांत आम्ही दिलेल्या पुड्यांचे पैसे आम्हीही घेतले होते.

वाङ्मयाने वैद्याला केवळ मदतच केली आहे, असे नाही. त्याने आपले कानही उपटले आहेत. रवींद्रनाथांच्या 'डाकघर' या १९११ सालच्या नाटकातील अमल हा आजारी मुलगा आठवावा. त्याच्यावर उपचार करणारा कविराज, म्हणजे आपलाच व्यवसायबंधू, शास्त्रातील संस्कृत वचने फेकीत मुलाला घरात कोंडावयास सांगतो : वारा नको, ऊन नको, खिडकी बंद. मुलगा खिडकीशी बसून दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी, फुले वेचणाऱ्या सुधाशी बोलतो आणि राजाच्या पत्राची वाट पाहतो. शेवटी राजवैद्य येतो, आणि आल्याबरोबर दारेखिडक्या उघडावयास सांगतो. मुलगा शांत झोपतो. दोन्ही वैद्यच. एकाजवळ शास्त्राचे शब्द आहेत, दुसऱ्याला रुग्ण कोठे निघाला आहे ते कळले आहे. हे नाटक १९४२ च्या जुलैमध्ये वॉर्सा येथील ज्यूंच्या कोंडवाड्यात एका अनाथालयातील मुलांनी केले. ते बसवून घेणारे यानुश कोर्चाक स्वतः बालरोगांचे डॉक्टर होते. मुलांना मृत्यू शांतपणे स्वीकारता यावा, हा त्यामागील हेतू त्यांनी सांगितल्याचे नमूद आहे. पुढच्याच महिन्यात त्यांना आणि सुमारे दोनशे मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेण्यात आले. सुटकेची संधी असतानाही कोर्चाक मुलांना सोडून गेले नाहीत. एका डॉक्टरजवळ औषध, अन्न, संरक्षण यांपैकी काहीही देण्यासारखे उरले नाही तेव्हा त्याने मुलांच्या हाती नाटक दिले.

आमच्या म्हणण्यावर आक्षेप येतील, आणि काही योग्यही आहेत. वेदनेने तळमळणाऱ्या कर्करुग्णापुढे दासबोध उघडणे हे क्रौर्य आहे. त्याला आधी वेदनाशमन हवे, आणि ते आपल्याजवळ पुरेसे नसेल तर जेथे मॉर्फिन मिळते तेथे विनाविलंब पाठविले पाहिजे. २०१४ च्या कायदादुरुस्तीने ते मिळणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली 'शांती आवेदना सदन' सुरू झाले तेव्हापासून उपशामक सेवेची वाट आपल्याकडे मळलेली आहे. आपण तिच्याशी फटकून राहण्याचे कारण नाही. दुसरे असे की, वैराग्यपर वाङ्मय भय घालणारेही असते. स्वभावतःच भित्र्या, निद्रानाशाने पछाडलेल्या, किंवा नुकताच जोडीदार गमावलेल्या माणसाला तिसऱ्या दशकाचा नववा समास देणे म्हणजे ज्वरात घृत पाजणे. त्याला एखादे हलके चरित्र किंवा प्रवासवर्णन द्यावे, अथवा त्याच्या तरुणपणीची गाणी. काही वृद्धांना काहीच वाचावयाचे नसते. त्यांना बोलावयाचे असते, आणि तेव्हा पुस्तक बाजूला ठेवावे. देश, काल, प्रकृती आणि मात्रा हा विचार आपल्याला नवा नाही. तो फक्त पुडीपुरता ठेवला आहे.

तिसरा आक्षेप अधिक कठीण आहे. हे आपले काम काय? रुग्णाला गुण द्यावा, फी घ्यावी. पुराणे सांगावयास कीर्तनकार आहेत. पूर्वी हे उत्तर चालले असते, कारण घरोघर पोथी लागत होती आणि चातुर्मासात देवळांतून निरूपणे होत होती. आता गरुडपुराण ऐकावयास लोक जमतात ते माणूस गेल्यानंतर. ज्याच्याविषयी ते आहे तो ऐकावयास नसतो. म्हाताऱ्या माणसाचे नियमाने जाणे-येणे ज्या जागी उरले आहे, अशा जागा मोजक्या : देऊळ, बँक आणि आपला दवाखाना. बँकेकडून ही अपेक्षा करता येणार नाही.

आम्ही जे केले ते फार थोडे आहे. प्रतीक्षेच्या बाकाशेजारी एक लहान फळी ठोकून तिच्यावर सात-आठ पुस्तके ठेवली. दासबोध मोठ्या अक्षरांतला. चाळिशी विसरून आलेल्यांचीही सोय झाली. ज्ञानेश्वरीची सार्थ प्रत, इरावती कर्वे यांचे 'युगान्त', दळवींचे नाटक, खांडेकर, टॉलस्टॉयच्या कथांचे भाषांतर. 'युगान्त'मध्ये गांधारीवर एक लेख आहे. सर्व गमावलेली वृद्ध माणसे अरण्यात वणव्याला सामोरी जातात, त्या प्रसंगाभोवती तो फिरतो. तो लेख एका निवृत्त तलाठ्यांनी आमच्या बाकावर बसून तीन खेपांत वाचला आणि चौथ्या खेपेला, प्रथमच, आपल्या पत्नीच्या मृत्यूविषयी बोलले. नाडी पाहून आम्हाला जे चार वर्षांत कळले नव्हते ते त्या दिवशी कळले : ते रात्री झोपत का नाहीत. पोटाची तक्रार त्यानंतरही राहिली. झोपेच्या औषधाची मात्रा मात्र आम्ही कमी करू शकलो.

पुष्कळदा पुस्तके नुसती चाळली जातात. मुले चित्रे शोधतात. एका गृहस्थांनी "वैद्यराज, लोकांना घाबरवता काय?" असे विचारून दासबोध उलटा ठेवला, पुढच्या खेपेला त्यांनीच तो सरळ केला, तेही उगाच इकडे तिकडे पाहत. आम्ही काही बोललो नाही.

आपापल्या गावी अशी फळी कोणी ठेवली असेल, तर तिच्यावरील कोणते पुस्तक कोणाच्या हाती अधिक गेले, ते त्रैमासिकाकडे लिहून कळवावे. आमच्या फळीवरची दासबोधाची पहिली प्रत गेल्या चातुर्मासात कोणी घरी नेली ती परत आलेली नाही. दुसरी आणून ठेवली आहे.